थोरलीचं वजन

दुपारची जेवणं आटोपली आहेत. ऊन खिडकीच्या गजांतून आत शिरून फरशीवर पट्टे ओढतंय आणि त्या पट्ट्यांवर एक निळी बॅग आ वासून पडली आहे. बॅगेशेजारी भिंतीला टेकून कलावती बसलीय. तिचे डोळे अजून मिटलेले नाहीत, पण उघडे आहेत असंही म्हणवत नाही. पंखा फिरतो, बॅगेतल्या पिशव्या कुरकुरतात, तिची मान हळूहळू एका खांद्यावर येते.

बॅगेत काय नाही! डिंकाचे लाडू डब्यांत, डबे पिशव्यांत, पिशव्या पातळांत गुंडाळलेल्या. बाळंतशेपा आहे, ओवा आहे, आळीव आहे. कॅनडात लेकीचे, रेवतीचे, दिवस भरत आलेत. उद्या कलावती तिच्या बाळंतपणाला निघालीय, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. नवरा भगवानराव गुडघ्यांपायी घरीच राहणार. शेजारची प्राजक्ता दुबई करून आलेली, ती सकाळी येऊन सगळं शिकवून गेली.

"काकू, तूप हातातल्या पिशवीत नको, काढून घेतात. सुई, कात्री, अडकित्ता काही नको. आणि अंगावर धातू जितका कमी तितका बरा. चौकटीतून जाताना वाजतं, मग बाजूला घेऊन चाचपत बसतात."

"मंगळसूत्र?"

"ते चालतं हो. पण हे काय गळ्यात? हे काढा."

हे म्हणजे सवतीचा टाक. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. ठिपक्यांचे डोळे, जोडलेले हात. भगवानरावांची पहिली बायको सुगंधा काविळीनं गेली तेव्हा रेवती रांगत होती. वर्ष सरायच्या आत कलावती त्या घरात आली, आणि बोहल्यावर चढायच्या आधी सासूनं हा टाक काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. "ही थोरली, तू धाकटी. कोरं कापड अंगाला लावायचं ते आधी हिला दाखवून." तेव्हापासून दिवाळीचं पातळ असो, नाहीतर पोळ्याला घेतलेलं साधं पोलकं असो, घडी मोडायच्या आधी कलावती ती टाकाला टेकवते आणि पुटपुटते, "आधी तुम्ही, थोरल्याबाई." कोऱ्या कापडाचा पहिला वास तिला असा कधी मिळालाच नाही. स्वतःचं मूल झालं नाही, आणि रेवती होती म्हणून ते कधी बोचलंही नाही. बोचायचा तो टाकच.

दुपारी शिवायला बसली की ती आपल्याशीच ओवी जुळवायची,

माझ्या गळ्यात सवत, काळ्या दोऱ्यात ओवली
चालते मी उन्हातून, हिची पडते सावली

पण आज टाक गळ्यातून उतरला तो काही प्राजक्ताच्या सांगण्यावरून नव्हे. ती गेल्यावर रेवतीचा फोन आला. "आई, ट्रंकेत सुगंधाआईची हिरवी साडी आहे ना? बाळाचं पहिलं दुपटं त्या साडीचं हवंय मला. एवढ्या वर्षांची, मऊ झाली असेल."

कलावतीच्या मांडीवर तेव्हा तिनं शिवलेलं दुपटं होतं. तिच्या स्वतःच्या अबोली पातळाचं, चौपदरी, बारीक धावदोऱ्याचं, कडेला चिमण्या. "बघते," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला. मग काळा दोरा डोक्यावरून काढला, टाक देवघरातल्या हळदीच्या रिकाम्या डबीत घातला आणि झाकण दाबून बसवलं. भगवानरावांनी पेपरातून मान वर केली. "चेकिंगला वाजतो म्हणे," ती म्हणाली. ते "बरं" म्हणाले नि पुन्हा पेपरात गेले. तिथल्या थंडीसाठी घेतलेला मोरपंखी स्वेटर तिनं कुणालाही न दाखवता बॅगेच्या तळाशी घातला, वर लाडवांचे डबे रचले. हिरवी साडी ट्रंकेतच राहिली. तिथं तरी मी एकटीच आई असेन, असं तिच्या मनात आलं. त्या विचाराची तिला लाज वाटली नाही. गोड वाटलं.

पंखा फिरतो. कुणीतरी बॅगेची चेन ओढतं, सर्र.

ती चेन म्हणजे फलटणबाहेरचा कालवा आहे. दोन्ही काठ एकमेकांत दातांसारखे गुंतत जातात आणि मागून पाणी मिटत जातं. कलावती काठानं चालतेय. मागं बॅगेची चाकं खडखडतात. चालता चालता पायाखालची माती गुळगुळीत होते, चकचकीत होते, तिच्यात दिवे दिसायला लागतात. एसटी स्टँड आहे हा, पण फलाटांवर गावांच्या पाट्या नाहीत, नुसते आकडे आहेत. वरून कुणी बाई न थांबता बोलतेय, प्रेमानं बोलतेय, आणि एक शब्द कळत नाही.

समोर दूध डेअरीचा काटा. काट्याशी भगवानराव उभे, डेअरीत नोकरीला होते तेव्हाचे, काळ्या मिश्यांचे. ते बॅग अशी उचलतात की जणू दुधाची कॅन.

"तेवीस किलो चालतं," ते म्हणतात. "तुझं जास्त भरतंय, कला."

"जास्तीचं मी काही घातलंच नाही, अहो."

"तेच तर. घरी ठेवलेलं जास्त भरतं." आणि ते कॅनवर झाकण लावून, मागं न बघता, दुधाच्या गाडीत बसून निघून जातात.

आता रांग. बायका पराती घेऊन उभ्या आहेत. हळदीकुंकवाला उभ्या राहाव्यात तशा, नटूनथटून, आणि एकेक जिन्नस अंगावरून उतरवून परातीत ठेवतायत. कलावती बांगड्या काढते, जोडवी काढते, केसांतल्या पिना काढते. परात कालव्याच्या पाण्यावर सोडायची. ती डुलत डुलत एका काळ्या पडद्याखाली जाते आणि दिसेनाशी होते. पुढं चौकट आहे. चौकटीला आंब्याच्या डहाळीचं तोरण. कलावती पदर सावरून आत पाऊल टाकते.

चौकट वाजते.

"परत या, मावशी."

ती परत जाते, परत येते. परत वाजते. पाठीमागच्या बायकांत कुजबुज सुरू होते.

"काय लपवलंय हो बाईंनी?"

"सोनं असेल पोटाशी."

"सोनं कसलं, तोंड बघा की. चोरी आहे काहीतरी."

"माझ्या अंगावर काही नाही!" कलावती ओरडते, पण आवाज तोरणाच्या पानांतच अडकतो. कुणीतरी कोपऱ्यातल्या हिरव्या पडद्याकडं बोट दाखवतं. बायकांची तपासणी तिथं, आडोशाला.

पडद्यामागं खाकी कपड्यातली एक पोरगेली बाई पाठमोरी उभी आहे. हातात काळा दांडा. ती वळते, आणि वळता वळता खाकीची सुती साडी होते, अंगाला चोपून बसलेली. वेणीत शेवंती. कलावतीनं हिला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, स्टुडिओतल्या खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली. फोटोत हनुवटीवरचा तीळ दिसत नाही. फोटोत ही हसत नाही. आणि इतकी देखणी होती, हे घरातल्या एकाही माणसानं कधी सांगितलं नव्हतं.

"हात आडवे," ती म्हणते.

कलावती हात पसरते. कुणाला कवेत घ्यायला पसरावेत तसेच ते दिसतात, म्हणून ती नजर खाली घालते.

"थोरल्याबाई?"

"थोरली मी, आणि बघ की, अजून चोविशीत." सुगंधा खुदकन हसते. "धाकटी मात्र पिकून गेली गं!"

"पिकायला जगावं लागतं," कलावती पटकन म्हणते. म्हटल्यावर जीभ चावते.

सुगंधाला त्याचं काहीच वाटत नाही. दांडा कलावतीच्या दंडांवरून, कमरेवरून मुका फिरतो, आणि गळ्याच्या खाली येताच किंचाळतो.

"इथं काय आहे?"

"काही नाही. काढून ठेवलाय."

"टाक काढलास. जागा वाजतेय." सुगंधा वाकून बघते. टाकाखालची कातडी एवढ्या वर्षांत ऊन न लागून गोरी राहिलीय, पेराएवढी. "कुठं ठेवलंस मला?"

"हळदीच्या डबीत."

"त्या डबीचं झाकण घट्ट बसतं. मीच आणलेली ती, माहेराहून. जीव घुसमटतो आत."

"तुम्हाला कसला जीव?"

"तेही खरंच," सुगंधा म्हणते आणि दोन्ही दंड चोळते. "गार आहे गं इथं."

गार आहेच. पडद्याखालून वारा येतोय, बर्फाचा वास असलेला, कॅनडाचा. कलावतीची परात पाण्यावरून डुलत पडद्याआड येऊन लागते. परातीत मोरपंखी स्वेटर आहे. सुगंधा तो उचलते, नाकाशी धरते, डोळे मिटून खोल वास घेते.

"कोरा! हा मला दाखवला नाहीस."

कलावती रिकामी परात जवळ ओढते.

सुगंधा स्वेटर अंगात घालते. घाईनं बटणं लावत जाते, खालून वर. वर पोचते तेव्हा एक बटण उरतं आणि त्याला काज नसतं.

"एक चुकलंय," कलावती म्हणते.

"असू दे. कुठं घातलाय मी कधी स्वेटर! आपल्याकडची थंडी शालीत भागते."

"माझा आहे तो."

"कधीतरी तुझं मीही घालावं की. तू माझं सगळंच घातलंस." हे ती भांडायच्या सुरात म्हणत नाही, तिखट किती घालायचं ते सांगावं तशी म्हणते, आणि म्हणून कलावतीच्या अंगाचा भडका उडतो.

भिंतीत एक पडदा उजळतो. बॅगेच्या आतलं सगळं त्यात दिसतंय, निळं, पारदर्शक. लाडू चंद्रांसारखे एकावर एक. आणि त्यांच्या मधोमध, पातळांच्या घड्यांत, अंगठा चोखत निजलेली रांगत्या वयाची रेवती.

"ही माझी," सुगंधा म्हणते.

"पोटातून तुझी!" तुम्हीचं तू कधी झालं ते कलावतीला कळतही नाही. "तू दिलीस आणि मोकळी झालीस. पुढचं? तिला कांजिण्या आल्या तेव्हा खाजवू नये म्हणून तिचे हात माझ्या हातात धरून मी बसलेली. तिच्या लग्नात पाटावर मी बसायची, तर माझ्या आधी पाटावर कोण? तू. हळदीचं बोट आधी कुणाला? तुला. लोक म्हणाले, थोरलीचा आत्मा शांत झाला. माझ्या आत्म्याचं कुणी पुसलं? आणि आता बाळ येतंय, तर त्याच्या अंगाला पहिली साडीसुद्धा तुझीच हवी! मी शिवलेलं दुपटं काय, भांडी पुसायला?"

"हेवा करतेस माझा?"

"करते. रोज करते. अंघोळीनंतर टाक पुसते ना, तेव्हा तुझ्या तोंडावरून जरा जोरातच फडकं फिरवते."

"ठाऊक आहे. माझं नाक झिजलंय त्यानं."

दोघी एकमेकींकडं बघतात. बाहेर ती वरची बाई कुणाला तरी शेवटचं बोलावतेय.

"मग माझा हेवाही ऐकून घे," सुगंधा म्हणते. "लेक मला काय म्हणते?"

"सुगंधाआई."

"आणि तुला?"

"आई."

"नुसतं?"

"नुसतं."

"बघ तर. शेजारणीला नाव लावून मावशी म्हणतात, तशी मी. तिला बोलता येत नव्हतं तेव्हा मी गेले. ते नुसतं आई म्हणणं माझ्या कानांनी मी कधी ऐकलंच नाही गं. तुझ्या गळ्यात लोंबकळत ऐकलं, पण ते तुला होतं. शाळेतून पळत येऊन ती तुला बिलगायची. तिचा गाल आधी मला लागायचा. मी म्हणायची, आता, आता... की ती कुरकुरायची, 'आई, हे टोचतं.' आणि तू काय करायचीस?"

कलावतीचा हात गळ्याशी जातो.

"सांग की. काय करायचीस?"

"दोरा फिरवून... पाठीवर टाकायची."

"पाठीवर. लेक पुढं, मी मागं. मागून मला काय दिसायचं माहितीय? दोरीवरचे कपडे. एक कुंपण. कधी कधी कावळा. पाठीमागं तुम्ही दोघी हसताय आणि मी कावळा बघतेय." ती हसायला जाते, जमत नाही. मग खालच्या सुरात, जात्यावर बसल्यासारखी म्हणायला लागते. चाल कलावतीचीच, दुपारच्या शिवणाची. चोरून ऐकून पाठ झालेली.

काळा दोरा तुझ्या गळी, गाठ माझ्या गं मनाची
लेक हाक मारी तुला, मी ओ देऊ गं कशाची

त्या चालीवर हिरवा पडदा हलायला लागतो. पलीकडं आता विमानतळ नाही. पलीकडं लांबच लांब गल्ली आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या, खिडक्यांबाहेर ढग. गल्लीच्या टोकाला बाळंतिणीची खोली, दाराशी शेगडी, शेपाचा धूर. आणि त्या धुरातून रडू येतं. ओलं, चिडलेलं, अगदी कोरं.

दोघी एकदमच धावतात.

चौकट मध्ये आहे. कलावती तिच्यातून जाते आणि चौकट गप्प राहते. मागून सुगंधा येते आणि चौकट वाजते, वाजतच राहते. तोरणाची पानं तिच्या अंगावर गळून पडतात.

"मला सोडत नाहीत," सुगंधा पलीकडून म्हणते. "गळा असल्याशिवाय सोडत नाहीत. ने मला, धाकटे. जागा नको मला, वजन नाही माझं."

"पण तू वाजतेस!"

"वाजते. तेवढंच तर येतं मला."

पुढं बाळ रडतंय. एवढंच करायचं की मागं बघायचं नाही. चार पावलं टाकली की ते बाळ एकट्या कलावतीचं. पहिली ओंजळ तिची, पहिला वास तिचा. कलावती एक पाऊल टाकते. दुसरं टाकते. बिलगलेल्या पोरीच्या केसांचा खोबरेल वास कुठूनसा येतो आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पेराएवढं काहीतरी गार लागतं. ती वळते. हात पुढं करते. हाताला स्वेटरची बाही लागते, लोकर, लोकरीच्या आत मनगट...

"कला! चहा टाकतोय, घेणार का?"

उन्हाचे पट्टे फरशीवरून उठून भिंतीवर गेलेत. पंखा फिरतोय. स्वयंपाकघरात भगवानराव भांडी शोधताना नेहमीसारखा धडधडाट करतायत. बॅग तशीच उघडी, लाडवांचे डबे जसेच्या तसे रचलेले.

आणि कलावतीच्या मांडीवर मोरपंखी स्वेटर आहे. बॅगेच्या तळाशी, सगळ्या डब्यांच्या खाली घातलेला. त्याची बटणं लावलेली आहेत, खालून वर. एक बटण चुकलेलं. वरचं उरलेलं, एकटं. ती दोन्ही हात स्वेटरच्या आत घालते. आत ऊब आहे, नुकतंच कुणीतरी काढून ठेवल्यासारखी. उन्हाची म्हणावी, तर ऊन कधीचं भिंतीवर गेलंय.

ती उठते. देवघरापाशी जाते. डबीचं झाकण घट्ट बसलंय, पदरात धरून पिळावं लागतं. टाकाच्या अंगाला जुनी हळद लागलीय, नवरीला लागावी तशी. कलावती तो बोटानं पुसते, आज हलक्या हातानं. नाक खरंच झिजलंय.

ती स्वेटर टाकाला टेकवते. "आधी तुम्ही, थोरल्याबाई," म्हणते, आणि तिचं तिलाच हसू येतं. "आता काय दाखवायचं. घालून झालाय तुमचा."

मग ट्रंक उघडते. हिरवी साडी हाताला पाण्यासारखी मऊ लागते. ती साडी अबोली दुपट्याशेजारी बॅगेत जाते, आणि तिच्या वजनाचा एक लाडवांचा डबा बाहेर येतो. चहाचे कप घेऊन आलेले भगवानराव आधी डब्याकडं बघतात.

"हा राहिला होय माझ्यासाठी?"

"राहिला. एकदम संपवू नका."

मग त्यांचं लक्ष तिच्या गळ्याकडं जातं. काळा दोरा जागच्या जागी, टाक पुढं. "अगं, वाजेल ना तो चेकिंगला?"

"वाजू दे. विचारलं तर सांगीन, दोघी निघालोय."

ते काही न समजता लाडवांचं झाकण उघडायला लागतात. कलावती खिडकीकडं तोंड करते आणि गळ्याशी, त्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलते.

"नीट ऐका. तिथं गेल्या गेल्या सुई घेऊन बसते. पहिलं दुपटं तुमच्या साडीचं, लेकीनं मागितलंय म्हणून. टाक पाठीवर टाकणार नाही, टोचला तरी. पण दुपट्यातलं बाळ आधी मी घेणार. आधी मी. ते मात्र तुम्हाला दाखवून वगैरे काही नाही."

टाक छातीवर गार असतो, मग नसतो.

स्वेटर घडी करून ती हातातल्या पिशवीत ठेवते, वरच्यावर. चुकलेलं बटण सरळ करायला तिचं बोट जातं, थांबतं, आणि तसंच सोडून देतं.